रिलीज थेट दोरीला लावावा की डी-लूपला?

कंपाउंड बो म्हणजे टोकांना चाकं (कॅम) असलेलं धनुष्य. त्याची दोरी ओढून सोडायचं साधन म्हणजे रिलीज. तो दोरीला दोन प्रकारे लावतात: बाणाच्या नॉकखाली (नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची, दोरीत बसणारी खाच) थेट दोरीवर, नाहीतर नॉकच्या वर-खाली गाठी मारून बांधलेल्या डी-लूपवर, म्हणजे दोरीच्या छोट्या फासावर. बहुतेकांनी डी-लूपच बांधावा. धातूचे लूपही मिळतात, पण त्यांचं वजन नेमकं दोरीच्या मधोमध येतं आणि बाणाचा वेग घटतो. शिवाय स्क्रू ढिले होतात ते वेगळंच.

थेट दोरीवर लावल्यास ओढ बाणाच्या रेषेत न येता तिच्या खालून येते. रिलीजचा जबडा नॉकला वर रेटतो, म्हणून नॉकच्या वर त्याला अडवणारा, पक्का बांधलेला नॉकपॉइंट लागतो. तो सरकला की बाण वर-खाली पडू लागतात. जबडा रोज एकाच जागी घासत असल्याने तिथलं सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला संरक्षक दोरा) लवकर उसवतं. नॉक आणि जबडा यांच्यात रबरी बटण घातलं तर रेटा कमी होतो, झीज मात्र थांबत नाही. मनगटाच्या पट्ट्याचा, दोन्ही बाजूंनी मिटणारा जबडा असेल तर हे निभावतं. हातात धरायच्या हुकवाल्या रिलीजला मात्र लूपच हवा, कारण मनगट जरा वळलं की हुक थेट दोरीलाच पीळ देतो.

लूपसाठी खास डी-लूपचीच दोरी घ्या, साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीची. अकरा-बारा सेंटीमीटरचा तुकडा पुरतो. एका टोकाचे तंतू पिंजून लायटरने वितळवा आणि गोल बोंड तयार करा. या बोंडावरच सगळा भार असतो. ते लहान राहिलं तर पूर्ण ओढलेल्या अवस्थेत गाठीतून निसटतं. मग बाण सुटतो आणि ओढणारा हात तोंडावर आदळतो.

बांधण्यापूर्वी टी-स्क्वेअरने (दोरीवर लावायच्या टी आकाराच्या मापपट्टीने) नॉकची जागा ठरवा. बाण रेस्टच्या (बाण टेकवायच्या आधाराच्या) स्क्रूच्या छिद्राच्या मध्यावरून काटकोनात जाईल अशी, किंवा त्याहून दोन-तीन मिलिमीटर वर. पहिली गाठ नॉकच्या वर घाला. दुसरं टोक मापाने कापून वितळवा आणि नॉकखाली उलट दिशेने गाठ घाला, म्हणजे एक बोंड दोरीच्या डावीकडे आणि दुसरं उजवीकडे येईल. दोन्ही एकाच बाजूला आली तर लूप फिरत राहतो आणि त्याच्याबरोबर पीपही (दोरीतलं, नेम धरताना ज्यातून बघायचं ते छिद्र). लूपमध्ये लांब टोकाची पक्कड मिटून घाला आणि जोर लावून उघडा, म्हणजे गाठी आवळतात. दोरीपासून लूपची खोली बारा मिलिमीटरच्या आसपास राहू द्या. याहून लहान लूपमध्ये हुक घालताना बोटं चाचपडतात.

गाठी नॉकला घट्ट चिकटवू नका. दोरी ओढली की नॉकपाशी तिचा कोन तीक्ष्ण होतो आणि गाठी नॉकला चिमटतात. लांबीने आखूड बोमध्ये हा त्रास जास्त. नॉकच्या वर-खाली पातळ सर्व्हिंग दोऱ्याचे काही वेढे बांधून त्यांच्या बाहेर लूप घेतला, तर चिमटा बसत नाही आणि लूप बदलताना नॉकची जागाही हलत नाही.

लूप बांधल्यावर ओढणारा हात लूपच्या खोलीइतका, म्हणजे जवळपास अर्धा इंच, मागे जातो. अँकर, म्हणजे ओढणारा हात चेहऱ्याला टेकवायची ठरलेली जागा, तुमच्या स्वतःच्या जबड्याच्या मागे सरकलेला वाटला तर तो सहन करत नेम धरू नका. मनगटाच्या रिलीजचा पट्टा तेवढा आखूड करा. हातात धरायचा रिलीज असेल तर कॅमच्या मॉड्यूलवर (कॅमवरच्या, बदलता येणाऱ्या भागावर) ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, अर्धा इंच कमी करा. मग पीप डोळ्यासमोर येतो का ते पाहा.

पहिली ओढ ड्रॉ वेट (ओढायला लागणारा जोर) कमी करून, बाण लावून, जवळच्या टार्गेटसमोरच घ्या. बाणाशिवाय दोरी सुटली तर बोच्या वर-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या आणि कॅम तुटू शकतात. पहिल्या काही बाणांनंतर गाठी बसतात, तेव्हा नॉकची उंची पुन्हा मोजा. पुढे लूपवर केसाळ तंतू दिसले, हुकच्या जागी तो चपटा झाला किंवा बोंड बारीक वाटलं, की नवा बांधा.