नवीन बॅटरी घ्यायच्या आधी रविवारी सकाळी एवढं मोजून घ्या

नाशिकला डिसेंबरची थंडी पडली की जुन्या डिझेल गाड्यांची बॅटरी पहिली बोलते. माझी 2010 ची स्कॉर्पिओ आहे, मागच्या हिवाळ्यात सकाळी चावी फिरवली की नुसतं खट्ट, मग मी नवीन बॅटरी टाकली आणि तीन आठवड्यांत परत तेच. दोष निघाला इंजिनपासून चेसिसला जाणाऱ्या अर्थच्या वायरीत, लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवा गंज धरलेला. पैसे गेले ते गेलेच, पण गडावर जायला निघालेल्या आईला पहाटे गाडीतून उतरवावं लागलं ते जास्त लागलं मनाला. म्हणून सांगतो, आधी मोजा, मग खरेदी.

तयारी शनिवारीच करून ठेवा. डिजिटल मल्टिमीटर हवा, त्यात 10 अँपिअरची रेंज आहे ना बघून घ्या. 10 चा पाना (काही गाड्यांना 13 चा लागतो), पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, खायचा सोडा, व्हॅसलिन, जाड हातमोजे, चष्मा, टॉर्च, वही-पेन. बॅटरी पाणी घालायची असेल तर डिस्टिल्ड वॉटरच आणा, नळाचं किंवा बिसलेरीचं नको. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं, पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला तर हात भाजतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो त्यामुळे जवळ बिडी-सिगरेट कोणीच नाही. आणि रात्री गाडी लावताना ड्रायव्हरची काच खाली ठेवा, किल्ली खिशात ठेवा, बॅटरी काढ-घाल करताना सेंट्रल लॉक कधी आपोआप लागतं.

सकाळी काही चालू न करता, दारही न उघडता पहिलं रीडिंग (बॅटरीच्या दोन्ही खांबांमधले व्होल्ट) घेता आलं तर उत्तम, म्हणजे बॉनेट रात्रीच हलकं उघडून ठेवायचं. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, उतरलेल्या बॅटरीवर पुढची टेस्ट करून काही कळत नाही. मग कोणाला तरी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारायला सांगा आणि मीटर बघत रहा, 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी थकलीये किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. गाडी चालू झाली की 13.8 ते 14.5 दिसायला पाहिजे, लाइट-ब्लोअर लावूनही. 13 च्या खाली असेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), त्याचा बेल्ट, त्याच्या वायरी बघा. 15 च्या वर गेलं तर अल्टरनेटरचे व्होल्ट ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळवून मारेल तो.

आता जे माझ्याकडून राहिलं ते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, टर्मिनलवर (वायरीच्या क्लॅम्पवर) नाही, शिशाच्या खांबावरच, आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. 0.2-0.3 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर मधे कुठेतरी अर्थिंग खराब आहे. मग एकेक जोड सोडून पॉलिश पेपरने चकचकीत करायचा. आमच्याकडे इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्या गाडीला हा त्रास हमखास होतो, बघताना लग वरून साफ दिसतो, गंज खाली असतो.

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी दोन-चार दिवस गाडी उभी राहिली की उतरते? मग काहीतरी गुपचूप करंट खातंय. निगेटिव्ह काढा, लाल टोक 10 अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर टर्मिनल आणि खांबाच्या मधे जोडा. अर्धा तास थांबा, सगळं झोपू द्या. 50 मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. 300 असेल तर दिवसाला 7 अँपिअर-अवर जातात, 65 ची बॅटरी चार-पाच दिवसांत अर्धी. एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की दोषी सापडला, बहुतेक वेळा बाहेरून लावलेला स्टिरिओ, ट्रॅकर नाहीतर अलार्म. मीटर जोडलेला असताना चावी अजिबात फिरवायची नाही, आतला फ्यूज उडतो. आणि झाल्यावर लाल टोक परत व्होल्टच्या भोकात घालायची आठवण वहीतच लिहून ठेवा, तसंच विसरून बॅटरीच्या दोन्ही खांबांना लावलं तर थेट शॉर्ट होतं.

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. टर्मिनल सोड्याच्या पाण्याने धुवून कोरडे करा, पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका, घट्ट आवळून वरून व्हॅसलिन लावा. आणि वही गाडीतच ठेवा, सातपूर-अंबडच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला आकडे दाखवले की तो बॅटरीपासून सुरुवात करत नाही.