भाजी रोज ताजी मिळते, मग घरी शिळीच का येते? या चुका टाळा

पुण्यात भेंडी, गवार, मेथी, वांगी यांचा तुटवडा क्वचितच असतो. कोपऱ्यावर हातगाडी, जवळपास मंडई, ठरल्या वारी आठवडे बाजार. तरी पिशवीतून जून भेंडी निघते, कारण कुठली भाजी करायची ते आपण घरूनच ठरवून निघतो. गवारच हवी म्हटलं की समोर असेल तशी घेतली जाते. भाजी गाडीपाशी ठरवावी. शेजारी कोवळा घेवडा दिसतोय ना? मग गवार उद्या.

वाराकडेही आपलं लक्ष नसतं. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजीपाल्याला शनिवारी सुट्टी असते आणि रविवारी आवक मोठी होते. शनिवारी संध्याकाळची टवटवीत मेथी त्यामुळे बहुधा शुक्रवारची असते, वर पाणी मारलेली. त्या दिवशी दुधी, कोबी असलं टिकाऊ काही घ्या.

जुडी वरवर बघणं

पिवळी, चिकट पानं नेहमी मध्ये दडलेली असतात. सुतळीच्या जरा वर दोन बोटं घालून जुडी फाकवा, आत बघा, वास घ्या. कुबट आला तर ठेवून द्या. बोटं ओली झाली तरी जुडी घ्यायला हरकत नाही, पण ती तशीच फ्रीजमध्ये कोंबली की दुसऱ्या दिवशी काळी पडलीच. घरी आल्याबरोबर सोडा, जुन्या पंचावर पसरा, पाणी सुकलं की मुळं कापून कागदात गुंडाळा. धुवायचं ते चिरायच्या आधी. कोथिंबिरीलाही हेच.

भेंडीची टोकं मोडत बसणं

ढिगातल्या दहा भेंड्या मोडल्या की भाजीवाल्या मावशी ओरडणारच, आणि त्यांचं बरोबर आहे. एकच मोडा. कट्कन तुटली तर कोवळी. नुसती वाकली, आत दोरे दिसले तर जून. मोडलेली आपल्याच पिशवीत टाका. भाजीला तार सुटत असेल तर दोष बहुतेक वेळा भेंडीचा नसतो. ती ओली चिरलेली असते. धुऊन, पुसून, कोरडी करून चिरा, झाकण न ठेवता परता आणि मीठ शेवटी घाला.

भरताचं वांगं जड बघून घेऊ नका, त्यात बिया जास्त निघतात. आकाराच्या मानानं हलकं, देठ हिरवा असलेलं घ्या. वरून भोक दिसलं नाही तरी आत अळी असू शकते, म्हणून भाजण्याआधी उभी चीर देऊन बघा.

भाव ऐकताना सावध राहा. गाडीवर ‘वीस रुपये’ म्हणजे बहुधा पाव किलो, म्हणजे किलोला 80. मॉलमधली पाटी किलोची असते. ही तुलना न करताच गाडी स्वस्त म्हणणारे पुष्कळ आहेत.

दुधीला नख मारून कोवळेपणा कळतो, कडूपणा नाही. तो चिरल्यावर छोटी फोड जिभेला लावूनच कळतो. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. हा कडूपणा विषारी असतो, शिजवून जात नाही. गूळ घालून खपवायच्या भानगडीत पडू नका, रस तर मुळीच काढू नका.