समुपदेशकासमोर शब्दच फुटत नसतील तर

खानापूरहून बस धरून मी पहिल्यांदा बेळगावला समुपदेशकांकडे गेले, तेव्हा पाऊण तास ओढणीचं टोक चुरगाळत बसले. रात्रभर घोकलेलं एक वाक्य बाहेर आलं नाही. पुढच्या खेपेला चिठ्ठी नेली आणि तिथून वाट सापडली.

१. आदल्या रात्री लिहा. वहीचं अर्धं पान पुरे. पहिली ओळ अशी: ‘मला बोलायला जमत नाही, हे वाचा.’ पुढे झोप कशी आहे, जेवण जातं का, कधीपासून असं होतंय, आणि आज कोणता विषय काढू नये. शुद्धलेखन बघू नका, घरात बोलता तसंच लिहा. जीव नकोसा होत असेल तर ते तळाशी दडवू नका, सगळ्यात वर लिहा. आणि भेटीच्या तारखेची वाट न बघता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर आजच फोन करा.

२. भाषेचं आधीच विचारून घ्या. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं. मराठी-कन्नड दोन्ही बोलणारे भेटतात, पण शब्द चकवतात. आपण ‘बेजार झालोय’ म्हणतो ते त्रासून गेल्यावर; कन्नडमधला ‘बेजारु’ कंटाळ्याला, उदासीला, मन दुखावल्यालाही चालतो. ‘संकट’ आपल्यावर बाहेरून येतं. कन्नडमध्ये आतल्या तळमळीलाही संकट म्हणतात. म्हणून नुसता शब्द सांगून थांबू नका, अंगात काय होतं तेही सांगा: छातीत धडधड, तळहाताला घाम, पहाटे ३ ला जाग. मध्ये बोलायला जाऊबाईंना किंवा भावाला नेऊ नका. त्यांच्यासमोर आपण निम्मं गिळतो.

३. आत गेल्यावर चिठ्ठी सरळ हातात द्या. ‘हो-नाही म्हणता येईल असं विचारा’ हे सांगायला संकोच नको. आज त्रास १० पैकी किती, ते बोटांनी दाखवा. ‘इथे थांबा’ यासाठी एक खूण ठरवून घ्या. मी तळहात वर करायचे. नुसतं गप्प बसलात तरी ती भेट वाया जात नाही.

खरं दुखणं बऱ्याचदा उठता उठता, चप्पल घालताना ओठांवर येतं. तेव्हा ते सांगाच, आणि म्हणा, ‘पुढच्या वेळी इथूनच सुरू करू, लिहून ठेवा.’

४. घरी काय कळेल, हे पहिल्याच भेटीत विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतो. जिवाला धोका असण्यासारखे काही अपवाद मात्र आहेत, ते नीट समजावून घ्या.

५. जाणंच जमत नसेल तर तोच १४४१६ नंबर आहे. दिवसरात्र चालू, मोफत, मराठीतही आणि कन्नडमध्येही. चिठ्ठी समोर ठेवून वाचा. आवाज अडकला तर ‘मी आहे, वेळ लागतोय’ एवढंच म्हणा.