जुन्या पोलिसी रिव्हॉल्व्हरवरचे आकडे वाचताना या चुका टाळा

सोलापूर, बार्शी, अक्कलकोट भागात एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांचं किंवा पणजोबांचं रिव्हॉल्व्हर निघतं. कोणी पोलीस खात्यात होतं, कोणी संस्थानच्या नोकरीत. मग घरातला एखादा हौशी पोरगा मोबाइलचा टॉर्च मारून नळीवरचे आकडे वाचतो, नेटवर शोधतो आणि जाहीर करतो, "थर्टीएट आहे." घोळ इथूनच सुरू होतो.

आकड्यांकडे वळण्याआधी एक काम उरकून घ्या. परवाना तुमच्या नावावर नसेल तर ते हत्यार घरात ठेवून अभ्यास करत बसू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. परवान्यासाठी वारसाला रीतसर अर्ज करता येतो. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे, तालुक्यात असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे असं धरून चालू नका, आणि तपासणी जाणकार आर्मोररच्या (हत्यारं तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) हातूनच होऊ द्या.

नळीवरचा आकडा म्हणजे माप, असं समजणं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. .३८ म्हणजे गोळीचा व्यास ०.३८ इंच, असं वाटणं साहजिक आहे. पण .३८ स्पेशल या काडतुसाची गोळी साधारण ०.३५७ इंचाची असते, तर .३८ स्मिथ अँड वेसन या काडतुसाची ०.३६१. .३८ हा आकडा जुन्या काळच्या काडतुसांचा. त्यांत गोळी केसइतकीच, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांडीइतकीच, जाड असायची. पुढे गोळी केसच्या आत बसवायला लागले, ती बारीक झाली, पण आकडा तसाच चालू राहिला. .३८ स्पेशलची केस लांब आणि जराशी बारीक, .३८ स्मिथ अँड वेसनची आखूड आणि जाड. नाव जवळपास एकच, तरी एकाच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, दुसरं काडतूस नीट बसत नाही.

आता वेब्ली मार्क ४ या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरवरचा '.३८ १४५/२००' हा शिक्का बघा. कोणी तो मॉडेल नंबर समजतं, कोणी तारीख, तर कोणी शस्त्रागाराचा नोंदक्रमांक. वास्तविक १४५ आणि २०० ही गोळीची वजनं आहेत, ग्रेनमध्ये. १४५ ग्रेन म्हणजे सुमारे साडेनऊ ग्रॅम, २०० ग्रेन म्हणजे सुमारे तेरा. बाजारात मिळणारं हलकं काडतूस आणि ब्रिटिश लष्कराचं जड काडतूस, दोन्ही यात चालतात एवढंच तो शिक्का सांगतो. लष्कराने पुढे २०० ग्रेनची शिशाची गोळी सोडून १७८ ग्रेनची धातूचं आवरण असलेली गोळी घेतली. केसचं माप तेच राहिलं.

साडेतीन टन?

ब्रिटिश प्रूफ मार्कमध्ये (हत्यार चाचणीत टिकल्यावर उमटवलेल्या शिक्क्यांत) '.३८ .७६७ ३½ टन' अशी ओळ दिसते आणि वाचणारा चक्रावतो. .७६७ ही केसची लांबी, इंचात. साडेतीन टन हा दर चौरस इंचावरचा दाब. घाईत वाचणारे ही ओळ सोडून देतात, पण माझ्या मते ती नळीवरच्या नावापेक्षा जास्त कामाची आहे, कारण नाव कंपनी ठरवते आणि ही ओळ कंपनीबाहेरचं प्रूफ हाउस उमटवतं.

तरीही तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. शिक्का उमटल्यावरही फेरफार होतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला गेलेली स्मिथ अँड वेसनची 'व्हिक्टरी' रिव्हॉल्व्हरं नंतर मोठ्या संख्येने .३८ स्पेशलसाठी बदलली गेली, त्यांचे चेंबर आतून खोल केले गेले. अशा चेंबरचा मागचा भाग स्पेशलच्या केसला ढगळा पडतो. केस फुगते, कधी फाटते. .४५५ वेब्लीचा सिलिंडर (चेंबर असलेला फिरता भाग) मागून घासून त्यात .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस चालवण्याची टूम तर आणखी वाईट, कारण त्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या कुवतीबाहेरचा. नळीवरचा शिक्का बिचारा जुनंच सांगत राहतो. म्हणून आर्मोरर चेंबरची लांबी-रुंदी मोजतो. "घालून बघू बसतंय का" ही तपासणी नव्हे, तो अपघाताचा रस्ता आहे.

'पोलीस' शब्दावर भाळणं

कोल्ट कंपनीच्या पोलीस पॉझिटिव्ह या मॉडेलवर '.३२ पोलीस सीटीजी' असं कोरलेलं आढळतं. सीटीजी म्हणजे कार्ट्रिज. हे खास पोलिसांसाठीचं गुप्त काडतूस वगैरे काही नाही. ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँगच आहे, फक्त गोळीचं टोक चपटं. स्वतःच्या मालावर प्रतिस्पर्ध्याचं नाव कोण कोरणार? बाकी 'आरआयसी' म्हणजे रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी, आयर्लंडचं तेव्हाचं पोलीस दल, आणि '४५५/४७६' म्हणजे त्या चेंबरमध्ये दोन्ही काडतुसं चालतात.

.३२ आणि ७.६५ यांची गल्लत

ही खास आपल्याकडची. कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस ७.६५ × २३ मिमी, तर .३२ पिस्तुलाचं ७.६५ × १७. परवान्यावर नुसतं '.३२ बोअर' (बोअर म्हणजे नळीचं माप) लिहिलं की दुकानात दोन्ही पुढे येतात. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये जातंही, त्यामुळे लोकांना ते चालतं असंच वाटतं. पण त्याचा दाब जास्त असतो. काडतूस मागताना लांबीसकट मागा.

कायद्याचा प्रश्न उशिरा विचारणं

शस्त्र नियमांच्या अनुसूचीतले शब्द नीट वाचा. .३८० (वेब्ली मार्क ४ मधलं ब्रिटिश लष्करी .३८) किंवा .४५५ रिमवालं, म्हणजे मागे कडा असलेलं, काडतूस 'बसू आणि सुटू शकेल' असं कोणत्याही बोअरचं रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात जातं. नळीवर काय कोरलंय याला तिथे किंमत नाही, चेंबरला आहे. .३२ चा परवाना स्थानिक पातळीवर मिळू शकतो, प्रतिबंधित बोअरचा विषय मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. अर्जात अंदाजाने '.३८' ठोकून दिलं तर पुढचे सगळे कागद चुकीच्या खिडकीवर फिरतात.

"शंभर वर्षांचं आहे, अँटिक आहे, परवाना कशाला?" हा युक्तिवाद सात रस्त्यापासून बाळीवेशीपर्यंत कुठेही ऐकू येईल. कलम ४५ मधली सूट दुरुस्ती करूनही चालणार नाही अशा हत्यारापुरतीच आहे. चालू स्थितीतल्या वेब्लीला वयाची सवलत नाही.

आणि चिंच, लिंबू किंवा पॉलिश पेपर घेऊन त्याला चमकवायला बसू नका. गंजाबरोबर प्रूफ मार्क जातात, संग्राहकाच्या दृष्टीने किंमत जाते, आणि अनुक्रमांक पुसला गेला तर कलम ८ मागे लागतं. जमा करताना पोलीस ठाण्यातल्या किंवा विक्रेत्याकडच्या माणसाला सांगून प्रत्येक शिक्क्याचा तिरक्या उजेडात फोटो काढून घ्या आणि पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्या.