नॅसला लावलेला झिगबी किंवा झी-वेव्ह डोंगल चालू कसा करावा

नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवणारा छोटा संगणक) चोवीस तास चालूच असतो, मग घरातले दिवे, सेन्सर आणि कुलपे सांभाळण्याचे कामही त्यालाच का देऊ नये? विचार रास्त आहे. होम असिस्टंट हा घरातली उपकरणे सांभाळणारा प्रोग्राम डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सहज बसतो, झिगबी किंवा झी-वेव्ह या बिनतारी पद्धतीने उपकरणांशी बोलणारा यूएसबी डोंगल मागच्या पोर्टमध्ये लावला की झाले असे वाटते. पण बऱ्याचदा डोंगल लावूनही होम असिस्टंटला काहीच दिसत नाही. मग लोक दुसरा डोंगल मागवतात किंवा कंटेनर पुसून पुन्हा बसवतात. दोष सहसा या दोन्हींत नसतो, मधे असलेल्या नॅसच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात असतो. त्यामुळे शोध खालून वर घ्यायचा: आधी डोंगल, मग ड्रायव्हर, मग कंटेनर. हा क्रम सोडला की तासन्‌तास वाया जातात.

(लेखात आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.)

डोंगलच्या पोटात काय आहे ते आधी बघा

डोंगलमध्ये रेडिओची चिप असते आणि बहुतेकांत तिच्या जोडीला यूएसबीचे सिरियलमध्ये रूपांतर करणारी दुसरी चिप असते. नॅसला रेडिओशी काही देणेघेणे नाही, त्याला फक्त ही दुसरी चिप ओळखता यायला हवी. सोनॉफच्या दोन डोंगलांचेच बघा. ‘पी’ प्रकारात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा सीसी२६५२पी रेडिओ आहे आणि रूपांतरासाठी सिलिकॉन लॅब्सची सीपी२१०२एन चिप आहे. ‘ई’ प्रकारात रेडिओ ईएफआर३२एमजी२१ आणि रूपांतराची चिप सीएच९१०२एफ. नावे जवळजवळ सारखी, पण दोघांना लागणारे ड्रायव्हर वेगळे. कॉनबी २ आणि एओटेकची झी-स्टिक जेन ५ हे डोंगल सीडीसी-एसीएम या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतात.

आता नॅसच्या सेटिंगमध्ये एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) चालू करा, अ‍ॅडमिन खात्याने लॉग-इन करा आणि ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्या. यादीत डोंगलचा क्रमांक दिसला पाहिजे. सुरुवात १०सी४ ने होत असेल तर चिप सिलिकॉन लॅब्सची, ०४०३ असेल तर एफटीडीआयची, १ए८६ असेल तर सीएच मालिकेतली. यादीत काहीच नसेल तर पोर्ट किंवा वायर बदलून बघा. ते निस्तरेपर्यंत पुढे जाऊ नका.

क्रमांक दिसला की ‘डेव्ह’ फोल्डर उघडा. तिथे ‘टीटीवाययूएसबी०’ किंवा ‘टीटीवायएसीएम०’ नावाची फाइल असेल तर ड्रायव्हर लागला आहे, सरळ कंटेनरच्या भागाकडे जा. क्रमांक दिसतो पण फाइल नाही, याचा अर्थ एकच: कर्नलमध्ये त्या चिपचा ड्रायव्हर नाही किंवा असून चालू केलेला नाही.

ड्रायव्हर नसेल तर

सिनॉलॉजी या कंपनीच्या नॅसवर हा प्रश्न हमखास येतो. २०२१ मध्ये आलेल्या डीएसएम ७ या नॅसच्या ऑपरेटिंग सिस्टिमपासून कंपनीने स्टोरेजशी संबंध नसलेल्या अनेक यूएसबी डोंगलांचा आधार काढून घेतला. जुन्या आवृत्तीवर सुरळीत चाललेला डोंगल अपडेटनंतर गप्प झाला तर कारण तिथे शोधा. ट्रूनॅस स्केल किंवा अनरेड या नॅसच्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ही अडचण सहसा येत नाही, कारण त्यांच्या लिनक्समध्ये हे नेहमीचे ड्रायव्हर असतात.

आधी स्वस्तातला उपाय. ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’ फोल्डरात यूएसबीसिरियल, एफटीडीआय-एसआयओ, सीडीसी-एसीएम अशा नावांच्या, ‘केओ’ शेपटीच्या फाइली आहेत का बघा. हवी ती असेल तर ‘मॉडप्रोब’ने चालू करा. कॉनबी २ सारख्या डोंगलचे काम बऱ्याचदा इतक्यावर भागते. सीपी२१०एक्स किंवा सीएच३४१ची फाइल तिथे नसेल तर तीन वाटा उरतात.

मला सर्वांत पटणारी वाट आभासी मशीनची. नॅसवरच व्हर्च्युअल मशीन तयार करा, त्यात होम असिस्टंट ओएस बसवा आणि मशीनच्या सेटिंगमधून यूएसबी डोंगल थेट त्या मशीनला द्या. ड्रायव्हर होम असिस्टंट ओएसमध्ये आहेतच, त्यामुळे नॅसच्या कर्नलला हात लावावा लागत नाही. मशीनसाठी किमान २ जीबी रॅम आणि ३२ जीबी जागा ठेवा. सिनॉलॉजीवर यासाठी बीटीआरएफएस प्रकारचा व्हॉल्यूम लागतो आणि स्वस्त मॉडेलांत ही सोय मुळातच नसते.

दुसरी वाट म्हणजे डोंगल नॅसला लावायचाच नाही. इथरनेट पोर्ट असलेले झिगबी कोऑर्डिनेटर (डोंगलसारखेच झिगबीचे नेटवर्क चालवणारे उपकरण) मिळतात. ते राउटरजवळ किंवा घराच्या मध्यभागी ठेवायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये यूएसबी फाइलच्या जागी ‘टीसीपी’ने सुरू होणारा पत्ता टाकायचा. हातात यूएसबी डोंगलच असेल तर एखाद्या रास्पबेरी पायला तो लावून ‘सेर-टू-नेट’ या प्रोग्रामने नेटवर्कवर उपलब्ध करता येतो. मात्र मधला दुवा तारेचा ठेवा. वायफायवर डेटाची पाकिटे उशिरा पोहोचली की कोऑर्डिनेटरशी संपर्क तुटतो.

तिसरी वाट इतरांनी तयार केलेली मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल कर्नलमध्ये घालण्याची. ‘युनेम’ला ‘ए’ हा पर्याय जोडून दिले की कर्नलची आवृत्ती आणि सिनॉलॉजीवर प्रोसेसर-गटाचे नाव दिसते, उदाहरणार्थ जेमिनीलेक. फाइल नेमकी त्याच गटाची आणि त्याच आवृत्तीची हवी. आधी यूएसबीसिरियल, मग सीपी२१०एक्स असा क्रम ठेवून ‘इन्समॉड’ने ती चालू करायची. हे जमते आणि अनेकांकडे चालतेही. पण कर्नलमध्ये गेलेल्या फाइलीला सगळ्या यंत्रावर मोकळीक मिळते. ज्या डबीत घरातले सगळे फोटो आणि कागदपत्रे आहेत, तिथे अनोळखी व्यक्तीने बांधलेली फाइल घालण्यापूर्वी बॅकअप दुसऱ्या ठिकाणी आहे याची खात्री करा.

कंटेनरला डोंगल देणे

डॉकरमधला कंटेनर नॅसवरची उपकरणे आपोआप बघू शकत नाही. कंटेनरची मांडणी लिहिलेल्या कंपोज फाइलमध्ये ‘डिव्हायसेस’ या शीर्षकाखाली नॅसवरची फाइल आणि कंटेनरमधले तिचे नाव, मधे कोलन (:) देऊन, एका ओळीत लिहायचे. सगळे दरवाजे उघडणारा ‘प्रिव्हिलेज्ड’ पर्याय टाळा. एका डोंगलसाठी कंटेनरला पूर्ण यंत्र देण्याची गरज नाही.

दोन डोंगल असतील तर रीस्टार्टनंतर ० आणि १ हे आकडे आपसांत बदलू शकतात, मग झिगबीचा प्रोग्राम झी-वेव्हच्या डोंगलशी बोलत बसतो. म्हणून ‘डेव्ह’मधल्या ‘सिरियल’ आणि त्यातल्या ‘बाय-आयडी’ फोल्डरातले लांबलचक कायमचे नाव वापरा. काही नॅसवर हा फोल्डर नसतो. तिथे एकच डोंगल ठेवणे श्रेयस्कर.

झिगबी-टू-एमक्यूटीटी (झिगबीची उपकरणे सांभाळणारा वेगळा प्रोग्राम) वापरत असाल तर सेटिंगमध्ये पोर्टबरोबर अडॅप्टरचा प्रकारही लिहा. सोनॉफ ‘पी’साठी झेड-स्टॅक, ‘ई’साठी एम्बर, कॉनबीसाठी डीकॉन्झ. मग लॉग वाचा, त्यातली ओळ बहुतेक वेळा नेमके कारण सांगते. ‘नो सच फाइल’ आले तर डिव्हायसेसची ओळ चुकली आहे किंवा ड्रायव्हर लागलेला नाही. ‘परमिशन डिनाइड’ आले तर कंटेनर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याला त्या फाइलचा अधिकार नाही. फाइलचा गट कोणता ते बघून वापरकर्त्याला त्या गटात घाला. ‘कॅनॉट लॉक पोर्ट’ आले तर डोंगल आधीच कोणीतरी धरून ठेवला आहे. होम असिस्टंटमधली झिगबीची अंगभूत सोय झेडएचए आणि झिगबी-टू-एमक्यूटीटी एकाच डोंगलवर एकत्र चालत नाहीत, एक निवडा.

सगळे दिसते, पण सेन्सर जोडले जात नाहीत

इथे दोष सॉफ्टवेअरचा नसून जागेचा असतो. झिगबी २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि यूएसबी ३ पोर्ट, त्याच्या वायरी आणि बाहेरच्या डिस्का नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर तांत्रिक टिपण काढले होते. नॅसच्या मागे, धातूच्या पेटीला आणि चालू डिस्कला चिकटून लावलेला डोंगल म्हणजे सर्वांत वाईट जागा. किमान एक मीटरची यूएसबी २ एक्स्टेन्शन वायर लावा, डोंगल नॅसपासून आणि राउटरपासून दूर उभा ठेवा. माझ्या मते ही वायर ऐच्छिक नाही, डोंगलबरोबरच घ्यायची वस्तू आहे. झिगबीचे चॅनेल ११ ते २६ असतात. वायफाय १, ६ किंवा ११ वर असेल तर १५, २० आणि २५ हे त्यांच्या फटींत बसतात. चॅनेल सुरुवातीलाच ठरवा. नंतर बदलल्यास काही उपकरणे नव्याने जोडावी लागतात.

झी-वेव्हला हा त्रास नाही, पण तिची फ्रिक्वेन्सी देशानुसार बदलते. अमेरिकेचा ९०८ मेगाहर्ट्झचा डोंगल युरोपच्या ८६८ मेगाहर्ट्झच्या उपकरणांशी बोलूच शकत नाही.

रीस्टार्ट आणि अपडेट

‘मॉडप्रोब’ किंवा ‘इन्समॉड’ने चालू केलेला ड्रायव्हर रीस्टार्टनंतर विसरला जातो. टास्क शेड्युलरमध्ये बूटच्या वेळी रूट वापरकर्त्याने चालणारे काम तयार करून आज्ञा त्यात ठेवा. कंटेनर ड्रायव्हरच्या आधी सुरू झाला तर त्याला फाइल सापडत नाही, म्हणून त्याच कामात शेवटी थोडे थांबून कंटेनर पुन्हा सुरू करायची ओळही घाला. मग नॅस मुद्दाम एकदा रीस्टार्ट करा आणि कशालाही हात न लावता दिवा पेटतो का बघा.

बाहेरचे मॉड्यूल वापरत असाल तर नॅसचे स्वयंचलित अपडेट बंद करा आणि नव्या कर्नलची फाइल हाताशी आल्यावरच अपडेट घ्या. झिगबीच्या नेटवर्कची किल्ली डोंगलमध्ये असते. तिची प्रत झिगबी-टू-एमक्यूटीटीच्या डेटा फोल्डरात ‘कोऑर्डिनेटर बॅकअप’ नावाच्या फाइलीत उतरते. हा फोल्डर नॅसच्या रोजच्या बॅकअपमध्ये घाला. डोंगल जळाला तर त्याच जातीचा नवा लावून ती फाइल वापरता येते आणि घरभर फिरून प्रत्येक बल्ब पुन्हा जोडत बसावे लागत नाही.