व्हॅम्पायर आणि वर्गातली ती: गोष्ट लिहायची कशी
आधी नियम ठरवा, तुमचा व्हॅम्पायर उन्हात मरतो की नुसता अशक्त होतो, कारण १८९७ च्या ड्रॅक्युला कादंबरीत तो दिवसाही फिरतो, उन्हाने मरणं आलं १९२२ च्या नोस्फेराटू सिनेमातून, दोन्ही चालतं फक्त मधेच बदलू नका. मरत असेल तर रोज कॉलेजला येणार कसा?? नाईट कॉलेज द्या सरळ.

मग तहान. "माझ्यापासून लांब राहा" टाइप डायलॉग नकोत प्लीज, त्यापेक्षा प्रॅक्टिकलला तिचं बोट कापतं, हा श्वास रोखून खिडकीपाशी पळतो, तिला वाटतं किळस आली याला, ती दुखावते आणि हा खरं सांगूच शकत नाही. भांडण तिथूनच काढा.

आणि हो, दोघंही सज्ञान ठेवा, त्याच्या शंभरेक वर्षांच्या वयाबद्दल तिला एकदा तरी चिडून विचारू द्या.