बचत खाते उणे शिलकीत गेल्यास काय करावे

पगाराचे जुने खाते पडून राहते आणि वर्षभराने त्यात उणे शिल्लक दिसते, तेव्हा घाबरून लगेच पैसे भरू नयेत. आधी पासबुक भरून घ्यावे किंवा खातेउतारा काढावा आणि प्रत्येक वजावट कशापोटी झाली, ते तपासावे. किमान शिल्लक न राखल्याचा दंड, त्यावरील १८ टक्के जीएसटी, एसएमएसचे शुल्क आणि हप्ता परत गेल्याचा आकार या वेगवेगळ्या बाबी असतात.

यातील पहिली बाब सर्वांत महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार, केवळ किमान शिलकीच्या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये. शिवाय दंड लावण्यापूर्वी बँकेने ग्राहकाला कळवून शिल्लक भरून काढण्यासाठी किमान एक महिना द्यावा लागतो. दंडही तुटीच्याच प्रमाणात हवा: ३,००० रुपये आवश्यक असताना १,८०० असतील, तर आकारणी १,२०० रुपयांवर व्हावी. हा नियम ग्राहकाच्या हक्काचा आहे, म्हणून तो आग्रहाने मांडावा.

शाखेत लेखी अर्ज द्यावा, त्यात चुकीच्या नोंदींच्या तारखा व रकमा लिहाव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिला शुल्क लागत नाही. खाते नकोच असेल, तर रक्कम परत जमा झाल्यावर ते रीतसर बंद करावे. वापरायचे असेल, तर किमान शिलकीची अट नसलेल्या मूलभूत बचत खात्यात त्याचे रूपांतर मागावे.